भांबुर्ड्याचे स्टेशन आणि नगरची वाट

वसंत व्याख्यानमालेत नगरकरांनी आजवर पुष्कळ इतिहास ऐकला आहे. अहमद निजामशहा, चांदबिबी, मलिक अंबर, भुईकोट किल्ला हे विषय येथील श्रोत्यांना तोंडपाठ आहेत. चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा आम्ही त्यांना स्पष्टच सांगितले, की आम्ही इतिहासकार नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. अशा माणसाने राजेरजवाड्यांचा इतिहास सांगणे शोभत नाही. परंतु जेथे हजारो माणसे रोज पाय ठेवतात त्या जागेलाही इतिहास असतो, आणि तो सांगण्याचा अधिकार तेथे उभे राहून वाट पाहिलेल्या माणसाला असतो, अशी आमची समजूत आहे.

ती जागा नगरात नाही. ती पुण्यात आहे. तिचे नाव शिवाजीनगर. नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी, शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी किंवा कोर्टाच्या तारखेसाठी पुण्याला गेलेल्या किती माणसांचे त्या शहरातले पहिले पाऊल येथे पडले असेल, याची गणती कोणी केलेली नाही. आज त्या जागी आगगाडीचे जुने स्टेशन आहे आणि जमिनीखाली मेट्रोचे नवे स्टेशन आहे. नगरची गाडी मात्र २०१९ च्या अखेरीस तेथून हलली. हे कसे घडत गेले, आणि त्यातून आपण नगरकरांनी काय शिकावे, एवढाच या व्याख्यानाचा विषय.

या भागाचे जुने नाव भांबुर्डे. मुठेच्या पलीकडचे, पुणे शहराबाहेरचे हे खेडे. आठव्या शतकात खडक खोदून केलेले पाताळेश्वराचे लेणे याच भांबुर्ड्याच्या हद्दीत. पुढे १९२८ साली येथे शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला हा पुतळा मुंबईस माझगावच्या गोदीत ओतला गेला आणि आगगाडीने पुण्यास आणला गेला. त्याच काळात भांबुर्डे हे नाव मागे पडत जाऊन शिवाजीनगर हे नाव रूढ होत गेले. आमच्या अहमदनगरचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी जुने नाव किती दिवस राहते हे आपण पाहतोच आहोत. नाव बदलते, जागेचे काम बदलत नाही.

भांबुर्ड्याच्या शिवारातून आगगाडी गेली ती १८५८ साली. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ ची. त्यानंतर पाचच वर्षांत खंडाळा ते पुणे हा तुकडा तयार झाला. पण मध्ये बोरघाट आडवा होता. घाटाचे काम १८६३ साली पुरे होईपर्यंत मुंबईचा उतारू घाटाखाली उतरे, पालखीने नाहीतर पायी घाट चढे, आणि वर खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसे. घाटात २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ च्या सुमारास या एका घाटावर ४० हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीने आणि तापाने त्यांपैकी हजारो मेली. १८५९ साली मजुरीच्या पैशांवरून तेथे दंगा झाला आणि पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला तो थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची विधवा अॅलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट तडीस नेले. या बाईची नोंद इतिहासात आहे, आणि ती असावीच. ज्यांनी सुरुंग लावले आणि पाट्या वाहिल्या त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. मजुरी थकली म्हणून त्यांनी हात थांबवले, एवढीच त्यांची खूण उरली आहे.

आता नगरकडे वळू. आपल्याकडे आगगाडी आली १८७८ साली, धोंड ते मनमाड या सुमारे १४५ मैलांच्या मार्गाने. हा मार्ग नगर आणि पुणे जोडण्यासाठी कोणी बांधला नाही, ही गोष्ट श्रोत्यांनी नीट ध्यानात घ्यावी. मुंबईहून निघालेल्या रेल्वेच्या दोन शाखा होत्या. एक मनमाडवरून ईशान्येस जाणारी आणि दुसरी पुण्यावरून आग्नेयेस जाणारी. त्या दोहोंना मध्ये सांधण्यासाठी हा मार्ग झाला. नगर वाटेत होते म्हणून नगरला स्टेशन मिळाले. त्याचे फायदे झाले हे नाकारता येत नाही. बेलापूर स्टेशनाभोवती श्रीरामपूरसारखे गाव वसले, जिल्ह्याचा गूळ, कापूस आणि धान्य बाहेर जाऊ लागले. पण पुण्यास जायचे तर नगरकराने आधी दक्षिणेस धोंड गाठायचे आणि मग पश्चिमेस वळायचे. सडकेने पुणे १२० किलोमीटर; आगगाडीने जावे तर दीडशेहून अधिक. शंभर वर्षांहून जुनी अशी ही आडवाट आपल्या नशिबी आली ती दुसऱ्यांच्या सोयीने आखलेल्या नकाशामुळे.

आणि हा मार्ग बांधला कोणी? १८७६ साली पाऊस गेला. १८७६ ते ७८ चा तो दुष्काळ दख्खनने पाहिलेल्या भयंकर दुष्काळांपैकी एक. धोंड-मनमाड मार्गाचे मातीकाम दुष्काळी कामांवरच्या माणसांनी केले. म्हणजे नगर जिल्ह्यातली उपाशी माणसे भरावावर माती टाकत होती, आणि त्या मातीवरून आपण आजही जातो. १८७७ च्या आरंभी सरकारने दुष्काळी कामावरची मजुरी कमी केली. सर रिचर्ड टेंपल यांच्या हिशेबाप्रमाणे दिवसभर राबणाऱ्या माणसाला सुमारे एक पौंड धान्य पुरेसे धरले गेले. शिवाय जवळची लहान कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर जाण्याचा हुकूम झाला. तेव्हा मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात एक गोष्ट घडली, तिची आठवण आम्हा संघटनेच्या माणसांना विशेष आहे. लोकांनी कामे सोडली. दोन महिन्यांत कामे सोडून गेलेल्यांचा आकडा लाखाच्या घरात गेला, असे त्या काळच्या विल्यम डिग्बी या इंग्रज लेखकाने नमूद केले आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी, या लोकांची बाजू आकडेवारीसह सरकारपुढे मांडली. युनियन हा शब्द तेव्हा येथे कोणाला ठाऊक नव्हता. तरी उपाशी माणसेही संप करू शकतात, हे आपल्या मुलखाने १८७७ साली दाखवून दिले.

याच आडवाटेने एकदा एक खास गाडी आली. ९ ऑगस्ट १९४२ ची पहाट. मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडून बोरीबंदरहून खास गाडीने हलवण्यात आले. गांधीजी, सरोजिनी नायडू, महादेवभाई आणि मीराबेन यांना चिंचवडला उतरवून आगाखान वाड्यात नेले. गाडी पुढे शिवाजीनगरवरून पुणे स्टेशनात थांबली. फलाटावरच्या लोकांवर पोलीस लाठ्या चालवू लागले, तेव्हा जवाहरलालजी खिडकीतून खाली उडी टाकून धावले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे धोंडवरून ती गाडी नगरला आली, आणि नेहरू, पटेल, आझाद, पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी बारा नेते आपल्या भुईकोट किल्ल्यात बंद झाले. नेहरूंनी आपला मोठा ग्रंथ तेथेच लिहिला. त्या दिवशी चिंचवड, शिवाजीनगर, पुणे, धोंड आणि नगर ही स्टेशने देशाच्या इतिहासात एका ओळीत आली. आपल्या मुलांना नगरचे स्टेशन दाखवताना ही गोष्ट अवश्य सांगावी.

स्वातंत्र्य आल्यावर मात्र नगरची वाट सरळ झाली, आणि ती रेल्वेने नव्हे तर एस. टी. ने. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी निघाली ती मुंबईहून नव्हे, पुण्याहूनही नव्हे, तर आपल्या माळीवाड्यातून. किसन राऊत हे चालक आणि लक्ष्मण केवटे हे वाहक. चास, सुपे, शिरूर, लोणीकंद अशी गावे घेत ती पुण्यास पोहोचली. गावोगावी लोक गाडी पाहायला रस्त्यावर उभे होते. खाजगी मोटारवाल्यांचा विरोध होता म्हणून पुण्यात शिरल्यावर पोलिसांच्या बंदोबस्तात गाडी महापालिकेपर्यंत न्यावी लागली, असेही त्या वेळच्या आठवणींत सांगितले जाते. त्या आधी मोटार सुटण्याची वेळ म्हणजे मोटार भरण्याची वेळ. उतारू खच्चून भरेपर्यंत गाडी हलत नसे. एस. टी. ने पहिल्यांदा सामान्य माणसाला दोन हक्क दिले: वेळापत्रकाचा आणि ठरीव भाड्याचा. गाडी अर्धी रिकामी असली तरी ती वेळेवर सुटेल, या विश्वासाची किंमत ज्याला मजुरीवर वेळेत पोहोचायचे असते त्यालाच कळते.

योगायोग असा, की १ जून हीच दख्खनच्या राणीचीही जन्मतारीख. १९३० साली मुंबई-पुणे मार्गावर ती सुरू झाली. पण त्या गाडीत तिसरा वर्ग नव्हता. तिसऱ्या वर्गाच्या उतारूला राणीत बसायला १९५५ साल उजाडावे लागले. नगरची एस. टी. पहिल्या दिवसापासून सर्वांची होती. दोन गाड्यांच्या या एका तारखेत पुष्कळ इतिहास भरलेला आहे.

पुढे शिवाजीनगरला आगगाडीच्या स्टेशनाला लागूनच एस. टी. चे स्थानक झाले आणि तीच नगरकरांची उतरण्याची जागा ठरली. या शेजाराचे मोल कळण्यासाठी पुण्याच्या वायव्येकडे काय घडत होते ते पाहावे लागेल. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पाठोपाठ दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी हा सारा पट्टा कारखान्यांनी भरला. १९७२ च्या दुष्काळाने पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, पाथर्डी येथली पोरे घराबाहेर काढली. कोणी रोजगार हमीच्या खडीवर गेले, कोणी उसाच्या तोडीवर, आणि ज्यांची कोणाशी ओळख होती ते पिंपरी-चिंचवडला. १९७४ च्या मे महिन्यात देशभरच्या रेल्वे कामगारांनी वीस दिवसांचा संप केला. तो मोडला गेला, पण रेल्वे कोणाच्या हातांनी चालते हे सर्वांना समजले. १९७८ साली पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. आता नगरचा माणूस शिवाजीनगरला एस. टी. तून उतरे, शेजारच्या फलाटावर जाई आणि लोकल धरून कारखान्याच्या दारात पोहोचे. शेतकी कॉलेज, इंजिनिअरिंग कॉलेज, जिल्हा न्यायालय हे सर्व पायी जाण्याच्या टप्प्यात. हे संगमस्थान कोणा तज्ज्ञाने आखले असेल किंवा आपोआप जुळून आले असेल. ते कामाचे होते खरे.

आमच्या स्वतःच्या अनुभवातली एक गोष्ट येथे सांगतो. पंचवीसएक वर्षांपूर्वी त्या पट्ट्यातील एका कारखान्याने आमच्या जिल्ह्यातली अकरा मुले एकदम कामावरून कमी केली. कारखान्याचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. दावा पुण्यात चालला आणि तारखा पडत राहिल्या. त्या मुलांपैकी एकाचे वडील, साठीचे, धोतर-टोपीचे, अक्षरशत्रू. मुलगा दुसरीकडे हंगामी कामावर लागलेला. खाडा केला की मजुरी बुडायची, म्हणून तारखेला बापच यायचा. कागद कापडी पिशवीत. आम्ही त्यांना पहिल्या खेपेस म्हणालो, "बाबा, तुम्ही एकटे कसे याल? चुकाल." ते म्हणाले, "चुकायचं काय त्यात? नगरला बसायचं, गाडी रिकामी झाली की उतरायचं. समोर आगीनगाडी. तिकडं पाठ केली की कोर्टाची वाट." पुढे दोन वर्षे ते एकटे येत राहिले. एकदाही चुकले नाहीत. फलक वाचता न येणाऱ्या माणसाला जी जागा उमगते ती जागा चांगली बांधलेली, असे आम्ही तेव्हापासून मानत आलो. शहरे कशी रचावीत यावर पुढे आम्ही काही पुस्तके वाचली, पण याहून सोपी कसोटी आम्हांस कोठे सापडली नाही.

आता मेट्रोकडे येऊ. जमिनीखालून आगगाडी नेण्याची कल्पना नवी नाही. लंडनमध्ये पहिली भुयारी गाडी जानेवारी १८६३ मध्ये धावली, म्हणजे आपला बोरघाट खुला झाला त्याच वर्षी. भारतात पहिली मेट्रो कलकत्त्याला १९८४ साली सुरू झाली. पुण्यात तिचा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजी खुला झाला. १ ऑगस्ट २०२३ रोजी फुगेवाडीपासून दिवाणी न्यायालयापर्यंतचा भाग सुरू झाला आणि त्यात शिवाजीनगरचे भुयारी स्टेशन आले. वर प्रवेशाला गडकोटाचे रूप दिले आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी तीच मार्गिका मुठेच्या पात्राखालून आणि जुन्या पेठांच्या पोटातून स्वारगेटला पोहोचली. ज्या भांबुर्ड्यात पाताळेश्वर कोरला गेला तेथे पुन्हा एकदा माणसाने खडकात वाट काढली. आम्ही मेट्रोचे विरोधक नव्हे. पिंपरीहून स्वारगेटपर्यंत धूर न खाता आणि गर्दीत न चेंगरता माणूस जात असेल तर ती कामगाराच्याही हिताची गोष्ट आहे. यंत्राला शिव्या देणे हे संघटनेचे काम कधीच नव्हते. यंत्राचा लाभ कोणाच्या पदरात पडतो हे विचारणे हे तिचे काम.

तो हिशेब मांडला तर काय दिसते? स्टेशन खोदण्यासाठी एस. टी. चे स्थानक २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला, दूध डेअरीच्या जागेत हलवले गेले. काम झाल्यावर ते मूळ जागी येईल, असे तेव्हा सांगण्यात आले होते. मेट्रो २०२३ साली धावू लागली. पण पाच वर्षे उलटून गेली तेव्हाही स्थानक वाकडेवाडीतच होते. म्हणजे आगगाडी आणि मेट्रो एकत्र आल्या आणि त्याच वेळी एस. टी. त्यांच्यापासून दीड-दोन किलोमीटर दूर गेली. हातात मोबाइल आणि खिशात पैसे असणाऱ्याला हे अंतर काहीच नाही. डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल असलेल्या बाईला ते एका रिक्षाभाड्याचे अंतर आहे, आणि ते भाडे कधी कधी पुढच्या सबंध मेट्रो प्रवासाहून जास्त पडते. स्थानकाभोवती चहा, पावबटाटा, हमाली यांवर जगणाऱ्यांचे काय झाले, तो आणखी वेगळा विषय. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही. दोष आहे तो पद्धतीचा. १८७८ साली नकाशा काढताना नगरच्या उतारूला कोणी विचारले नाही. २०१९ सालीही विचारले नाही. फरक इतकाच, की १८७८ साली राज्य परक्यांचे होते.

लंडनच्या त्याच भुयारी रेल्वेचा आणखी एक धडा सांगण्यासारखा आहे. तिने १८६४ पासून पहाटे कामगारांसाठी स्वस्त भाड्याच्या गाड्या सोडल्या. इतर कंपन्या मागे राहिल्या तेव्हा पार्लमेंटने १८८३ साली स्वस्त गाड्यांचा कायदा करून त्यांना भाग पाडले. शहरात लोहमार्ग घालताना हजारो गरिबांची घरे पाडली गेली होती आणि ती माणसे लांब राहायला गेली होती. ज्यांची घरे घेतली त्यांना कामावर आणण्याची जबाबदारी रेल्वेची आहे, असे लोकमत तेथे तयार झाले. हे कोणी कृपा म्हणून दिले नाही. मागितले, मागत राहिले, तेव्हा मिळाले.

आमच्या श्रोत्यांना हे सगळे सांगण्याचे कारण पुढेच आहे. मेट्रोची दुसरी मार्गिका वनाजहून निघून ६ मार्च २०२४ रोजी रामवाडीपर्यंत आली. रामवाडी म्हणजे नगर रस्ता. तेथून पुढे वाघोली आणि विठ्ठलवाडीपर्यंतच्या मार्गाला केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे मेट्रो आता आपल्याच वाटेने आपल्याकडे येत आहे. नगरहून जाणारी प्रत्येक एस. टी. वाघोलीवरून जाते. तेथे एस. टी. आणि मेट्रो एका छपराखाली येतील, की पुन्हा मध्ये एक रिक्षाभाडे राहील, हे अजून आपल्या हातात आहे. खांब उभे राहिल्यावर अर्ज करून उपयोग नसतो. नकाशा कागदावर असतो तोवरच माणसाचा आवाज त्यात शिरू शकतो. नगर-पुणे सरळ लोहमार्गाची मागणी जुनी आहे, आणि ती आपण धरून ठेवलीच पाहिजे. पण ती पुरी होईल तेव्हा होईल. वाघोलीला एस. टी. ला थांबा, उतारूला सावली, बायकांना मुतारी आणि मेट्रोपर्यंत पायी जाण्याची सरळ वाट, एवढ्या चार गोष्टी मागायला काही कोटींची योजना लागत नाही. नगरच्या प्रवाशांनी, विद्यार्थ्यांनी, एस. टी. च्या कामगारांनी आणि व्यापाऱ्यांनी एकत्र बसून एक निवेदन करावे. मसुदा लिहिण्याचे काम आम्ही आनंदाने अंगावर घेऊ.

त्या दाव्याचे पुढे काय झाले असे कोणी विचारील म्हणून सांगतो. अकरापैकी सात मुले कामावर परत गेली. चौघांनी नुकसानभरपाई घेऊन गावाकडे वाट धरली. निकालाच्या दिवशीही ते म्हातारे बाबा एकटेच आले होते आणि संध्याकाळच्या गाडीने एकटेच परतले. कोणाला काही न विचारता ते पुण्यात येत आणि जात. उद्या वाघोलीला जे स्टेशन होईल त्याच्या दारात असा एखादा माणूस कापडी पिशवी घेऊन उतरला, तर त्याला वाट उमगली पाहिजे. तेवढे झाले, तर १८७७ साली ज्यांनी आपल्या भरावावर माती टाकली त्यांचे थोडेसे ऋण फिटले असे आम्ही समजू.